घाव किती उंचीवर?

माघ-फाल्गुनात मुंबई-गोवा महामार्ग सोडून एसटी आतल्या रस्त्याला लागली, की बांधांवर आणि वरकस उतारांवर ऐनाची झाडं दिसू लागतात. झाडं कसली, खांबच. बुंधा सरळ, अंगावर फांदी म्हणून नाही आणि माथ्याशी चार-सहा गाठाळ मुठी. शहरातून आलेला पाहुणा हमखास हळहळतो. गावकऱ्याला त्या हळहळीचं नवल वाटतं, कारण त्याच्या लेखी हे झाड तोडलेलंच नाही. त्याची फक्त कवळ काढली आहे.

कवळ म्हणजे पानांसकट छाटलेल्या कोवळ्या फांद्या. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून माणूस ऐनावर, किंजळावर चढतो, दर खेपेला त्याच मुठींपाशी घाव घालतो आणि भारे बांधून वाळत ठेवतो. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, कवळ, पालापाचोळा आणि वर मातीचा पातळ थर रचून उन्हाळ्यात तो भाजतात. हाच राब. तणाचं बी जळतं, राख मिळते आणि पहिल्या पावसात पेरलेला तरवा जोमानं उठतो. तिकडे ऐनाच्या मुठींनाही लांबसडक धुमारे फुटलेले असतात. बापानं जिथं घाव घातला, तिथंच पुढं मुलगा घालतो.

आता त्याच गावाच्या वरच्या अंगाला जावं. खासगी रान, मालक मुंबईला, झाडी उभीच्या उभी ठेकेदाराला दिलेली. तिथंही ऐनच आहे, पण यांत्रिक करवत फिरली ती घोट्याच्या उंचीवर. माल ट्रकात भरून सरपणाला आणि कोळशाला गेला. झाडाची जात एक, गाव एक, महिना एक. फरक दोन पुरुष उंचीचा.

‘झाड तोडलं का?’ असं विचारलं तर सरकारी कागदावर दोन्हीकडे उत्तर ‘हो’ असंच येऊ शकतं, आणि झाडांविषयीची आपली सगळी चर्चा इथंच लंगडी पडते. तोडावं की तोडू नये यावर मोर्चे निघतात, याचिका होतात, अग्रलेख लिहिले जातात. किती उंचीवर तोडावं, हे मात्र मुकादमाच्या आणि मजुराच्या हवाली. वास्तविक झाडाला पुन्हा फूट येणार का, आली तर ती कोणाला मिळणार, गुरांच्या तोंडी लागणार की वाचणार, हे त्या उंचीतच ठरून गेलेलं असतं. सातबारावर मालकाचं नाव सापडेल. पण तोडणाऱ्याला त्या झाडाकडून अजून किती वर्षं काही हवं आहे, हे पाहायचं तर घाव किती उंचीवर बसलाय ते पाहावं.

सागाचं उदाहरण घेऊ. त्याच्या बुंध्यापाशी भारतातल्या वनखात्यानं दीडशे वर्षं डोकं लावलं आहे. साग तोडला म्हणून मरत नाही. त्याच्या सालीखाली झोपलेले डोळे असतात. वरचं खोड उभं असेपर्यंत शेंड्याकडून येणारी संप्रेरकं त्यांना दाबून ठेवतात; खोड गेलं की ते जागे होतात. जमिनीखालचं मुळांचं जाळं शाबूत असतं, त्यात अन्न साठलेलं असतं, म्हणून बियांपासून आलेल्या रोपाच्या मानानं हा धुमारा पहिल्या काही वर्षांत कितीतरी वेगानं वाढतो. प्रश्न एवढाच, की तो कुठून फुटतो. खुंट हातभर उंच ठेवला तर वरच्या काठाशी झुबक्यानं फूट येते. दिसायला जोमदार, पण तिचा आधार म्हणजे मरणाला लागलेलं लाकूड. खुंट वरून कुजत खाली येतो, कूज धुमाऱ्यात शिरते आणि एखाद्या वावटळीत तो बुडातून निखळतो. जमिनीलगत फुटलेल्या धुमाऱ्याला मातीचा आधार मिळतो, जुन्या कुजक्या लाकडाशी त्याचा संबंध कमी येतो आणि त्याचं सरळ झाड होण्याची शक्यता वाढते.

म्हणून वनखात्याच्या जुन्या-नव्या कार्य आयोजनांमध्ये (तोडीच्या आराखड्यांमध्ये) कूप, म्हणजे तोडीला नेमलेला पट्टा, तोडण्याच्या सूचना जवळपास त्याच आढळतात. खुंट १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. काप उतरता हवा, म्हणजे पाणी साचणार नाही. साल लाकडापासून सुटता कामा नये. तोड पानगळीच्या दिवसांत उरकावी, म्हणजे नवी पालवी फुटण्यात खर्च व्हायचं अन्न मुळांतच राहील.

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. खोडवा ठेवायचा तर ऊस जमिनीलगत तोडायचा, उरलेले बुडखे धारदार कोयत्यानं पुन्हा छाटून घ्यायचे, हा धडा त्याला पाठ असतो. वर तोडला तर बुडातली कांडी शेतात राहतात आणि साखर तर तिथंच जास्त. शिवाय जमिनीवरच्या कांड्यांचे डोळे फुटून अधांतरी, कमकुवत कोंब येतात. जमिनीखालचे दमदार डोळे मागं पडतात. ऊस गवताच्या कुळातला आणि साग वृक्ष, पण खालून फुटलेलं टिकतं हा हिशेब दोघांना लागू पडतो.

हिशेब शेतकऱ्याचा आणि कारखान्याचा. वाकायचं मात्र तोडणाऱ्याला. ऊसतोडीच्या बोलीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसं हत्यारानं मोजली जातात, आणि मजुरी टनावर ठरते. त्या जोडीला दिवसभर कमरेत मोडून शेवटचे दोन इंच काढायला सांगणं सोपं असतं. जंगलातही हेच घडतं. कुऱ्हाड किंवा करवत चालवायला माणसाला सोयीची उंची गुडघ्यापासून कमरेपर्यंतची. तिथं जोर लागतो, तोल राहतो आणि झाड कलू लागलं तर चटकन मागं सरता येतं. घोट्याशी कापायचं तर बसावं लागतं, बुडाशी बुंधा फुगीर असल्यानं कापायचं लाकूड जास्त, आणि करवतीत माती-दगड जाऊन धार मरते ती वेगळीच. नियम लिहिणारा खुर्चीत बसलेला असतो, पाळणारा उकिडवा. खुंट उंच राहिला की मजुराच्या आळसावर बोट ठेवायची रीत आहे. वाकण्याचे वेगळे पैसे त्याला कोणी दिले का, हे विचारायची नाही.

उंच खुंटात जातं तरी किती? बुडाशी दोन फूट व्यासाचा साग धरला, तर खुंटाच्या प्रत्येक फुटाला तीन घनफुटांहून थोडं जास्त लाकूड रानात राहतं, आणि तेही बुडाचं, म्हणजे झाडाचा सगळ्यात जाड भाग. शंभर झाडांच्या कुपात एवढी एक फूट ढिलाई झाली, तर तीनशे घनफूट. सागाचा दर घनफुटावर असतो, त्यामुळे हे गणित मांडायला लाकूडवाल्याला कागद लागत नाही.

याच बुंध्यावर चौथा एक दावेदार असतो: हातोडा. तोडीसाठी निवडलेल्या झाडावर वनखातं दोन ठिकाणी ठसे मारतं. एक छातीच्या उंचीवर, जिथं घेर मोजतात. भारतात ही उंची १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट धरली आहे. दुसरा अगदी बुडाशी, जमिनीजवळ. झाड पडून ओंडका डेपोत गेला तरी हा खालचा ठसा थुटावर राहिला पाहिजे, नाहीतर हे झाड हिशेबातलं की चोरीचं, कळायचं कसं? चोरटी तोड उघडकीला आली, की गार्ड आधी थुटांचे घेर मोजत सुटतो आणि त्यावरून गेलेल्या झाडांचा अंदाज बांधतो. म्हणजे धुमाऱ्याला काप हवा मातीलगत, व्यापाऱ्यालाही खालीच, मजुराला कमरेशी आणि कायद्याला ठशाच्या वर. पंधरा सेंटिमीटरचा आकडा ही या चौघांमधली तडजोड आहे. झाडाच्या शरीरशास्त्रातून तो आपोआप उगवलेला नाही.

जिथं ही ओढाताणच नसते तिथं काय होतं, ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसलं. रेडवूड आणि डग्लस फर यांचे बुंधे बुडाशी इतके फुगीर, आणि डग्लस फरचे तर राळेनं भरलेले, की तोडणारे ते टाळायचे. ते बुंध्यात खाचा पाडायचे, त्यांत लोखंडी टोकाच्या फळ्या अडकवायचे आणि त्या फळ्यांवर उभं राहून दोघांनी ओढायची लांब करवत चालवायचे. दहा-बारा फूट उंचीचे खुंट मागं राहात. आजही वॉशिंग्टन राज्याच्या आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या दमट रानांत ते उभे आहेत. फळीच्या दोन खाचा डोळ्यांसारख्या दिसतात आणि माथ्यावर हेमलॉकची नवी झाडं मुळं पसरून बसलेली असतात. पुढच्या टेकडीवर तसलीच झाडं अमाप असताना बुडाचं लाकूड सोडल्याचं कोणाला वाईट वाटणार?

त्याच कॅलिफोर्नियात काही झाडं लाकडासाठी तोडलीच गेली नाहीत, तमाशासाठी तोडली गेली. कॅलावेरस इथला एक प्रचंड सिक्वॉया १८५३ मध्ये पाडला. एवढ्या जाडीला पुरेल अशी करवत नव्हती, म्हणून पाच माणसांनी मोठ्या गिरमिटांनी बुंध्यात भोकं पाडत बावीस दिवस घालवले. खुंटाचा माथा गुळगुळीत करून त्यावर लोक नाचले. पुढं १८९२ मध्ये ‘जनरल नोबल’ नावाचा सिक्वॉया शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी कापला. हे तेच १८९३ चं प्रदर्शन, ज्याच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले. बुंध्याचा मधला भाग पोखरून, तुकडे करून नेला, तिथं पुन्हा जोडून उभा केला. आणि पाहणाऱ्यांतल्या अनेकांना हे खरं झाड वाटेना. काप बराच वर घेतल्यामुळे कॉन्व्हर्स बेसिनमध्ये सुमारे वीस फुटांचा खुंट उरला. रेडवूडच्या खुंटाभोवती धुमाऱ्यांतून झाडांचं रिंगण उभं राहतं. थोराड सिक्वॉयाच्या खुंटाला फूट येत नाही. ते वीस फूट सव्वाशे वर्षांहून जास्त काळ नुसतेच उभे आहेत.

दुसरं टोक चंदनाचं. तिथं उंची शून्याच्याही खाली जाते. सुगंधी तेल गाभ्याच्या लाकडात असतं आणि मुळांतही भरपूर, त्यामुळे चंदन कापत नाहीत, खणून काढतात. फुटीचा प्रश्नच उरत नाही. किंमत जितकी मुळात, तितकं झाडाचं भविष्य कमी.

ऐनाची ती मुठीदार उंची मात्र यांतल्या कशातच बसत नाही. जमिनीलगतची फूट टिकाऊ, असं सागानं शिकवलं. मग कोकणातला शेतकरी डोक्याच्या वर का जातो? उत्तर चार पायांचं आहे. बांधावर, गायरानात, जिथं गुरं मोकळी हिंडतात, तिथं जमिनीलगत आलेला कोवळा धुमारा दुसऱ्या दिवशी शेळीच्या पोटात असतो. रान राखायचं तर कुंपण हवं, राखणदार हवा. झाडाचा माथाच गुरांच्या तोंडाच्या वर नेऊन ठेवला, की खाली चराई आणि वर कवळ, दोन्ही एकाच जमिनीवर चालतात. कुंपणाचा सगळा खर्च उंचीनं वाचवलेला असतो.

युरोपातल्या शेतकऱ्यांनी हेच केलं होतं. लंडनच्या ईशान्येला एपिंगचं रान आहे. तिथले हॉर्नबीम आणि बीच शतकानुशतकं माणसाच्या डोक्याच्या वर छाटले जात. जमीन जमीनदारांची, पण लॉटन गावच्या लोकांना हिवाळ्यात सरपणासाठी फांद्या तोडायचा हक्क होता. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी कुंपणं घालायला सुरुवात केली, तेव्हा थॉमस विलिंगेल नावाचा मजूर आणि त्याच्या घरची माणसं कुऱ्हाडी घेऊन आत शिरली; १८६६ मध्ये त्यांच्यातले काही तुरुंगातही गेले. त्यातून पेटलेल्या लढ्याच्या शेवटी १८७८ चा एपिंग फॉरेस्ट कायदा झाला. रान वाचलं, लोकांना फिरायला कायमचं खुलं झालं. आणि फांद्या तोडायचा हक्क बंद झाला! भरपाईच्या पैशातून गावात सभागृह बांधलं, त्याचं नाव ‘लॉपिंग हॉल’. ज्या हक्कासाठी माणसं तुरुंगात गेली, तो इमारतीच्या पाटीवर उरला.

झाडांचं काय झालं, ते पुढच्या शंभर वर्षांत कळलं. छाटणी थांबलेल्या मुठींवर जाडजूड फांद्या वाढल्या. एका जुन्या, पोकळ होत चाललेल्या बुंध्यावर पूर्ण झाडाएवढ्या डझनभर फांद्यांचा भार. वाऱ्यात बुंधे उभे चिरू लागले. दाट सावलीनं खालची झुडपं आणि गवत गेलं. अलीकडच्या दशकांत त्या रानाचं व्यवस्थापन पाहणाऱ्यांनी पुन्हा छाटणी सुरू केली, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. हॉर्नबीम जुना घाव सोसतो. बीच दीर्घ खंडानंतर एकदम बोडका केला तर मरू शकतो. त्याला टप्प्याटप्प्यानं खाली आणावं लागतं. म्हणजे एका पिढीनं ठरवलेल्या उंचीचा करार पुढच्या पिढीनं परस्पर मोडला, की झाड ना जंगली राहतं ना माणसाळलेलं.

गुरं नसतील तिथं उंची दुसरंच कोणी ठरवतं. जपानच्या ईशान्य भागात बर्फाळ डोंगरांवर विचित्र आकाराचे बीच आहेत. जमिनीपासून वर गेल्यावर अचानक अनेक फांद्यांत फुटलेले. स्थानिक लोक त्यांना ‘आगारिको’ म्हणतात. कोळशासाठी, सरपणासाठी ते हिवाळ्यात तोडले जात आणि तोडणारा उभा असे तो साचलेल्या बर्फावर. त्यानं घाव पायाशीच घातला होता. वसंतात बर्फ वितळल्यावर तो डोक्याच्या वर निघाला.

गुरांकडे परत येऊ, कारण ती विसरल्यानं काय होतं याचा दाखला परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या कामात आहे. १९७० च्या दशकात कर्नाटकच्या पश्चिम घाटात बांबूचं उत्पादन घटू लागलं, तेव्हा शासनानं त्यांना अभ्यास करायला सांगितलं. कागद गिरणीसाठी तोड करताना बांबूच्या बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ करायची पद्धत होती. बेट मोकळं झालं की जोमानं वाढेल, असा शास्त्रोक्त समज. गावकरी मात्र ते काटे ठेवून वर तोडत. कारण विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, की काटे गेले की नवे कोंब गुरं खातात. गाडगीळांच्या निरीक्षणांनी गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरवलं. बेट स्वच्छ करणाऱ्या साहेबाला झाड दिसत होतं, त्याच्याभोवती फिरणारी तोंडं दिसत नव्हती.

बांबूचा घाव म्हटला तर नाजूकच. साधारणपणे जमिनीपासून १५ ते ४५ सेंटिमीटरच्या दरम्यान आणि पेराच्या लगेच वर कापायचा, असा नियम. पेरापासून बराच वर कापला तर पोकळ नळीत पावसाचं पाणी साचून बुडखा कुजतो. फार खाली कापला तर कंदाला इजा. गडचिरोलीत वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी खाणाऱ्याला बेटात यंदाचे कोंब कुठले आणि पक्के बांबू कुठले हे डोळे झाकून कळतं. कंत्राटी तोडीत बाहेरचे बांबू सोयीच्या उंचीवर कापले जातात आणि आतला गुंता तसाच राहतो, कारण आत शिरायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे मिळत नाहीत. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बातम्या झाल्या त्या मालकीच्या आणि उत्पन्नाच्या. त्या पुस्तकाबरोबर घाव कुठे घालायचा हे ठरवायचा अधिकारही तोडणाऱ्यांच्याच गावात आला, याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही.

चिपको आंदोलनाचं आपण जे चित्र मनात बाळगलं आहे, तेही या नजरेनं तपासावं. २६ मार्च १९७४ रोजी उत्तराखंडातल्या रेणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी कंत्राटदाराच्या माणसांना अडवलं. शाळेच्या पुस्तकात त्याचा अर्थ ‘झाडं तोडू नका’ एवढाच उरला आहे. पण गढवालातल्या याच बायका विळा घेऊन बांजाच्या, म्हणजे तिथल्या ओकच्या, झाडांवर चढतात, गुरांसाठी पाला छाटतात, सरपण आणतात. झाडाला लोखंड लावूच नये, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. विळा वर चालतो, त्यावर गोठा चालतो. कंत्राटदाराची कुऱ्हाड बुडावर चालते आणि सगळं संपवते. त्यांचा वाद उंचीचाही होता, असं म्हटलं तर त्यांच्या धैर्याला उणेपणा येत नाही. उलट त्यांचा रोजचा व्यवहार आपल्याला थोडा जास्त कळतो.

सह्याद्रीत तर हा वाद सरकारदरबारी लढला गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश वनखात्यानं ठाणे, कुलाबा भागातली रानं राखीव करायला घेतली, तेव्हा राबासाठी कवळ तोडणं हा खात्याच्या दृष्टीनं गुन्हा आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं भाताच्या पिकाचा पाया होता. गाऱ्हाणी इतकी वाढली, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. वनखात्याला सरळ उंच बुंधे हवे होते, आणि मुठी आलेल्या ऐनातून चांगली फळी निघत नाही हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण फळी हीच झाडाची खरी पूर्तता, असं त्यांनी धरून टाकलं होतं. भाताच्या ताटाला त्या हिशेबात घनफूट नव्हते.

शेतकऱ्याची बाजू घेताना एक कबुली द्यावी लागते. उंची बरोबर आणि खंड चुकला, तर ऐनही मरतो. मुठीवरची फूट दोन-तीन वर्षं वाढू द्यायची असते. ती दरवर्षी ओरबाडली, शेंड्याला चार फांद्यासुद्धा ठेवल्या नाहीत, तर मुळांतली शिल्लक संपते, घावांतून भिरूड शिरतो आणि खांब खरोखरच खांब होतो. गावाजवळच्या डोंगरांवर असे खांब पुष्कळ आहेत. झाडं कमी आणि राब तेवढाच, असं झालं की परंपरेचं शहाणपण भुकेपुढं टिकत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी उंचीचा प्रश्न जवळपास पुसूनच टाकला. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, हिरडा यांच्याबरोबर ऐन आणि किंजळही आहेत. शहरांसाठी १९७५ चा कायदा आला. दोन्हीकडे ‘तोडणे’ या शब्दाचा अर्थ ऐसपैस आहे. झाडाला इजा करणंही त्यात येतं. हेतू चांगला, कारण पळवाटा बुजवायच्या होत्या. पुढं डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलतोड थांबवली, आणि देशभर ‘तोड’ हा शब्दच संशयित झाला. या संशयानं पुष्कळ जंगल वाचलं, हे मान्य करूनही म्हणावं लागतं, की त्यानं छाटणारा आणि निपटणारा यांना एका रांगेत उभं केलं. ज्याच्याकडे परवानगी काढायला वेळ, पैसा आणि ओळख, त्याची करवत घोट्याशी कायदेशीर चालते. बाकीचे कवळ काढताना दचकतात.

शहरात याचं उलट टोक पाहायला मिळतं. पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांच्या आणि गुलमोहरांच्या फांद्या उतरवतात आणि त्याला छाटणी म्हणतात. वर चढलेला माणूस जिथं हात पोचेल तिथं कापतो. मांडीएवढी जाड फांदी मधोमध तोडलेली, खुंटी बाहेर लोंबणारी. कोकणातल्या ऐनाशी याचं दिसण्यापुरतं साम्य आहे. ऐनाची मूठ झाड कोवळं असताना घडवलेली असते, तिथले घाव मनगटाएवढ्या फांद्यांवरचे असतात आणि झाड ते भरून काढतं. चाळीस वर्षं मोकळ्या वाढलेल्या झाडाचा माथा एकदम उतरवला, की उघड्या पडलेल्या रुंद लाकडात बुरशी शिरते. वर येणारी फूट सालीच्या काठाला चिकटलेली असते. पाच-सात वर्षांत ती जड होते आणि नेमकी पावसाळ्यातच खाली येते. फांदी बुंध्याला मिळते तिथं एक फुगीर कडं असतं. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घेतला तर साल चहूबाजूंनी येऊन जखम झाकते. चार बोटं इकडे-तिकडे झाली तर झाकत नाही. हे कळायला पदवी लागत नाही, पण दिवसाला किती फांद्या उतरवल्या यावर बिल निघत असेल तर कडं बघणार कोण?

स्वीडनमध्ये आता यंत्रांना मुद्दाम वर कापायला शिकवलं आहे. तिथल्या जंगल-प्रमाणीकरणाच्या नियमानुसार तोडीच्या वेळी हेक्टरी सरासरी तीन उंच खुंट ठेवायचे असतात. यंत्राचा चालक कापणीचा पंजा तीन ते पाच मीटर उचलतो आणि तिथून झाड कापतो. त्या मेलेल्या लाकडात भुंगेरे अंडी घालतात, सुतार पक्षी ढोली करतात. कॅलिफोर्नियात जे उधळपट्टीतून राहिलं, ते इथं हिशेबात धरून ठेवलं जातं. भुंगेऱ्यासाठी उंची राखणारा देश पाहिला, की भातासाठी ती राखणाऱ्या माणसाला आपण नेमकं कशासाठी गुन्हेगार ठरवत होतो, असा प्रश्न पडतो.

कोकणात आता राबच कमी झाला आहे. रोपवाटिकेला खत पोत्यातून येतं, वरकस पडीक आहे, तरणी माणसं मुंबईत किंवा तालुक्याला. ऐनाच्या मुठींवर दहा-पंधरा वर्षांत घाव पडलेला नाही. एपिंगच्या बीचसारख्याच त्यांच्याही फांद्या जडावल्या आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हापासून घराशेजारच्या अशा झाडाकडे म्हातारी माणसं जास्तच लक्ष ठेवून असतात. वर चढणारा गडी गावात उरलेला नाही. आकडी पडवीत खुंटीला लटकते आहे. शेवटी तालुक्याहून यांत्रिक करवत घेऊन एक पोरगा मोटारसायकलवर येतो, दोरी ओढून यंत्र सुरू करतो, बुंध्याशी वाकतो आणि मान वर करून विचारतो, ‘‘आजोबा, कुठनं कापू?’’